सूतभर बाहेर

आमच्या ह्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात. उभा जन्म लोकांच्या घरांत गुडघ्यांवर बसून फरश्या बसवल्या, आणि पन्नाशीत कंबरेनं मान टाकली. कुणाच्या तरी न्हाणीघरातली शेवटची फरशी ठोकून उठायला गेले ते उठलेच नाहीत. दोघांनी उचलून घरी आणलं. मणका सरकला होता.

पुढं किती दिवस माणूस आडवा. सगळं मी केलं, त्याचं काही नाही. पण ह्यांना लागलं ते मोज्यांचं. बरे होऊन हिंडायला लागले तरी वाकता येईना. रोज सकाळी मी पायाशी बसून मोजे चढवायची आणि हे भिंतीकडे बघत बसायचे. डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास होतो?" तर म्हणाले, "बाकीचं जाऊ द्या हो. माझे मोजे मला घालता आले पाहिजेत."

डॉक्टर म्हणाले, पोहा. हळूहळू, जमेल तेवढंच. आमच्याकडे हळूहळू काही होतं का? पाण्यात उतरून वर्ष झालं नाही तोवर हे स्पर्धेत नाव देऊन आले! पन्नाशीपुढच्यांची शर्यत म्हणे.

मी म्हटलं, "अहो, डोकं ठिकाणावर आहे का?"

"मग नुसतं डुंबायला मी काय म्हैस आहे?"

पुन्हा मणका सरकला तर सरळ ऑपरेशन, आणि तेही यशस्वी होईलच असं नाही, हे डॉक्टरांनी माझ्यादेखत बजावलं होतं. वरून उडी तर मारायचीच नाही. मी रोज तेच घोकायची, पालथ्या घड्यावर पाणी. ह्यांचा सराव घरातही चालू. पलंगावर पालथं पडून हात मारायचे. एकदा त्यात टेबलावरचा दिवा फोडला. मुलगी म्हणते, "आई, करू दे ना बाबांना." बापाचीच लेक!

स्पर्धा दुसऱ्याच तलावावर होती, ह्यांनी कधी न पाहिलेल्या. शिट्टी झाली. बाकीच्यांनी धडाधड उड्या घेतल्या, हे शहाण्यासारखे पाण्यात उभं राहूनच सुटले. मागे पडले, पण हात एकसारखे पडत होते. मी जरा श्वास सोडला. आणि मध्यावर हे थांबले. डोकं पाण्यात, हात पसरलेले, हलायचं नाव नाही.

सरकला मणका! संपलं सगळं! मी चपलांसकट काठाकडे धावले, "अहो! अहो!" करत. शिट्टीवाला माझ्या मागे. तेवढ्यात ह्यांनी डोकं वर काढलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे म्हणाले, "अगं, खाली ती काळी पट्टी आहे ना, तिच्यातली एक फरशी सूतभर बाहेर आहे. कुणी बसवली कोण जाणे."

जित्याची खोड! असा संताप आला की हातात काही असतं तर फेकून मारलं असतं.

"फरशी गेली खड्ड्यात! चला पुढे!" मी ओरडले. इतके दिवस नको नको म्हणणारी मी, "चला, मारा हात!" करत त्यांच्या बरोबरीनं काठाकाठानं गेले. चपला चिंब. हे शेवटचे आले. पुढच्या शर्यतीची माणसं कंटाळून उभी होती.

बाकावर आले तरी माझं तोंड चालूच होतं. बोलता बोलता सवयीनं खाली बसले, पिशवीतून मोजे काढले, पाय धरायला गेले. ह्यांनी माझ्या हातातून मोजा काढून घेतला. एक पाय दुसऱ्या मांडीवर ओढला, दात आवळले, वाकले. थांबले. पुन्हा वाकले. बोटं आत गेली, मग टाच.

"बघ," म्हणाले. भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघत.

मोज्याची टाच पार घोट्यावर आली होती. सूतभर नाही, चांगली चार बोटं बाहेर. मी डोळे पुसले आणि दुसरा मोजा त्यांच्या हातात दिला.