ताईंचा सहावा डान

ताई चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासायच्या. काच यंत्राला लावायची, कडा फ्रेमच्या मापाच्या करायच्या, मग उजेडाकडे धरून ओरखडा शोधायचा. संध्याकाळी ॲप्रन खुंटीला अडकवला, की शाळेच्या सभागृहात कराटे शिकवायला हजर. साठी उलटली तरी शाळकरी मुलींपासून पन्नाशीच्या पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या त्या ताईच.

ब्लॅक बेल्टनंतरच्या पायऱ्यांना डान म्हणतात. ताई पाचव्यावर होत्या. सहावा मिळाला की माणूस ज्येष्ठ गुरूंच्या रांगेत बसतो, पण तो नुसत्या लाथाबुक्क्यांनी मिळत नाही. त्यांच्या संघटनेचा नियम कडक होता: सहा वर्षं थांबा, शिष्य तयार करा, निबंध लिहा आणि तीन परीक्षकांपुढे काता करा. काता म्हणजे न दिसणाऱ्या शत्रूशी एकट्याने केलेली ठरलेली लढाई. ताईंच्या कात्यात एक उडी होती, हवेत गिरकी घेऊन खाली यायची.

पाच वर्षं झाली आणि खुब्याने दगा दिला. शस्त्रक्रिया झाली, धातूचा सांधा बसला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "चाला, वळा, शिकवा. उडी मात्र विसरा."

ताईंनी मान डोलावली आणि वर्षभराने परीक्षेत उडी मारलीच. खाली येताना पाय लटपटला आणि भर सभागृहात त्या हातावर आपटल्या. नापास.

"आधी सांगायला काय झालं होतं?" घरी मनगटावर बर्फ धरत नवरा तडकला. तो शिंपी, बोलणंही सुईसारखं.

"लाज वाटली हो. म्हातारीला सूट दिली म्हणाले असते."

"आणि सपाट पडलीस तेव्हा टाळ्या पडल्या का?"

ताईंना रडू यायचं ते हसूच फुटलं.

पुढच्याच आठवड्यात पोस्टमन खाली मान घालून उभा राहिला. "ताई, माझं येणं आता बंद. गुडघा साफ कामातून गेलाय."

"उद्या या," ताई म्हणाल्या. "गुडघ्याला झेपेल तेवढंच करू."

पोस्टमनसाठी एकेक हालचाल नव्याने बसवता बसवता त्यांना स्वतःचाही मार्ग दिसायला लागला. शत्रू पायांवर काठी मारतो, म्हणून उडी. मग मागचा पाय सरकवून, वळून वाटेतून बाजूलाच झालं तर? घरी सराव सुरू झाला. "कपाट हलवतेयस का?" नवरा विचारायचा. चार महिन्यांनी त्याने विचारणं सोडलं, कारण पायाचा आवाजच येईनासा झाला. ताईंनी जुना निबंध फाडला आणि नवा लिहिला: शरीर थकलेल्या माणसाला काय शिकवायचं. वर्षाअखेर पोस्टमन ब्लॅक बेल्ट झाला.

दुसऱ्या परीक्षेत त्यांनी आधीच सांगून टाकलं. "माझ्या खुब्यात धातू आहे. उडीच्या जागी मी वळणार."

"वळून फटका चुकतो?" मधल्या म्हाताऱ्या परीक्षकांनी विचारलं.

"काठी घेऊन कुणी समोर या, दाखवते."

तिघांतला धाकटा उठला. त्याने हात राखून मारलं नाही. काठी सूं करून हवेतून गेली आणि ताईंचा तळवा त्याच्या हनुवटीखाली येऊन थांबला.

दोघांनी पास केलं. धाकट्याने नाही. "काठी चुकली, कबूल," तो म्हणाला. "पण कात्यात उडी आहे. प्रत्येकाने आपापल्या सोयीने बदलला तर उद्या उरेल काय?"

दोन मतं पुरेशी होती. सहावा डान मिळाला. बाहेर नवऱ्याचा आनंद गगनात मावेना. ताई मात्र विचारात.

"त्या तिसऱ्याचं मनाला लावून घेऊ नकोस."

"अहो, त्याचं खोटं नाही. माझ्या वर्गातल्या मुलींना उडी कोण दाखवणार? मला तर येणार नाही."

त्या तशाच आत परतल्या. धाकटा परीक्षक कागद आवरत होता. भांडायला आल्या, असं वाटून तो सावरून उभा राहिला.

"महिन्यातून एकदा आमच्याकडे याल का?" ताई म्हणाल्या. "मुलींना उडी शिकवायला. वळणं मी शिकवते."

त्याने खिशातून छोटी डायरी काढून विचारलं, "पहिला शनिवार चालेल?"