दसऱ्याचा हार आणि तापलेलं कार्ड

व्हिडिओ तयार होता होता चौथ्यांदा त्रेचाळीस टक्क्यांवर बंद पडला, तेव्हा युवराजने माझ्याकडे असं पाहिलं, जणू कॉम्प्युटर मीच बिघडवला होता. डिंडोलीत घराच्या पुढच्या खोलीत त्याचा फोटो स्टुडिओ आहे. मी सुरतेत अठरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. चुका करण्याचाही अनुभव तेवढाच.

फिल्म लग्नाची होती. नवरीचे वडील नवागामचे, कापडाच्या लूमवरचे, म्हणजे यंत्रमागावरचे कामगार. ऐन लग्नाच्या दिवशी मूतखड्याने त्यांना हॉस्पिटलात आडवं केलं. लेकीवर अक्षता टाकायच्या राहिल्या. आता त्याच दिवशी, शनिवारी, संध्याकाळी सातच्या बसने लेक नवऱ्याबरोबर पुण्याला राहायला चालली होती. त्याआधी तिला वडिलांशेजारी बसून लग्न पाहायचं होतं.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्रांचं ओझं उचलणारा वेगळा हमाल. एडिटिंगचं सॉफ्टवेअर त्याच्याकडून काम करून घेतं, त्याला हार्डवेअर ॲक्सिलरेशन म्हणतात. ते बंद केलं तरी व्हिडिओ बनतो, पण रखडत. करून पाहिलं. सॉफ्टवेअरने अकरा तास सांगितले. सकाळचे दहा वाजले होते.

मग मी ज्ञान पाजळलं. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाषा, काढून नवा टाकला. मग जुना टाकला. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. कॉम्प्युटरचं कॅबिनेट खोलून बघू का, असं युवराजने हळूच विचारलं. मी ठामपणे सांगितलं, प्रॉब्लेम सॉफ्टवेअरचाच आहे.

खरं कारण वेगळं होतं. कॅबिनेटला दसऱ्याचा झेंडूचा हार बांधलेला होता, हळदीकुंकवासकट. लूमच्या कारखान्यात मशिनचा हार पुढच्या दसऱ्यापर्यंत काढत नाहीत. युवराजच्या आईची, जिजींची, सगळी नोकरी अशाच कारखान्यात झाली. घरातही तोच कायदा. हार सोडल्याशिवाय झाकण निघणार नव्हतं, आणि मला जिजींची भीती वाटायची.

दुपारी जिजी चहा घेऊन आल्या. काय झालंय, म्हणाल्या. हलकं काम होतं, जड काम दिलं की कार्ड थांबतं, असं मी सांगितलं.

"तापस का ते?" जिजींनी त्यांच्या अहिराणीत विचारलं.

हे मी पाहिलंच नव्हतं. तापमानाचा आकडा स्क्रीनवरच दिसतो. तो पाहिला आणि कप खाली ठेवला.

"दोरा गुंडायना का आमनी मोटर बी तापे," जिजी म्हणाल्या. "आधी उघाडीसन देख, मंग बोल."

मी हाराकडे बोट दाखवलं. त्यांनी कात्री आणली, हाराला नमस्कार केला आणि कचकन कापला.

झाकण काढलं. हाराचा दोरा बाजूच्या जाळीतून आत जाऊन कार्डच्या पंख्याला घट्ट गुंडाळला होता, वर सुकलेल्या पाकळ्या. चिमट्याने सगळं ओढून काढलं. पंखा फिरला. चाळीस मिनिटांत फिल्म तयार झाली. मला भयंकर लाज वाटली.

पाच वाजता आम्ही पेनड्राइव्ह घेऊन नवागामला पोचलो. टीव्हीवर मंगलाष्टकं सुरू झाली तसे नवरीचे वडील उठून आत गेले. मला वाटलं, दुखायला लागलं. ते मूठभर तांदूळ घेऊन आले आणि शेजारी बसलेल्या लेकीच्या डोक्यावर टाकले. ती बॅगेवर डोकं ठेवून रडली. बस मात्र चुकली नाही.

जिजींनी नवा हार भिंतीवरच्या खिळ्याला लावलाय. मी आता कुठेही गेलो की आधी झाकण उघडतो. ज्ञान नंतर.