भास्करची मोकळी पानं

फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. जालन्याच्या एका तांत्रिक संस्थेत मी वायरमनच्या पोरांना शिकवतो. वर्ग चालू होता. "टेंभुर्णीचे भास्कर सर केदारखेड्याच्या बसस्टँडवर पडले. गेले." मी म्हणालो, दुसरा कुणी असेल. भास्करचं केदारखेड्याला काय काम? शाळा टेंभुर्णीत, घर टेंभुर्णीत... आज सात आठवडे झाले, तरी ते माझ्या डोक्यात शिरत नाही. धडधाकट माणूस असा जातो का कुठं!

आम्ही दोघं पाचवीपासूनचे. तो विज्ञानाचा मास्तर झाला, मी तारा ओढायला लागलो. दोन हजार सालानंतर जालन्यात इंटरनेटची दुकानं निघाली आणि या गड्याला वेडच लागलं. दर रविवारी पहिल्या गाडीनं यायचा, परदेशातल्या शिक्षकांनी सगळ्यांसाठी खुले ठेवलेले धडे शोधायचा, छापून घ्यायचा आणि घरी जाऊन मराठीत उतरवायचा. मी चिडवायचो, "फुकट दिसलं की सुटलास तू!" तो तडकायचा. "फुकट हाय म्हणून न्हाई घेत बाबा. वाटायची परवानगी हाय म्हणून घेतो. खाली लिहिलेलं असतंय, ते आधी बघतो." परवानगी नसली तर कितीही चांगला धडा असो, सोडून द्यायचा. मी कपाळावर हात मारायचो. कोण येणार होतं टेंभुर्णीला तपासायला! त्याच्या पानांच्या झेरॉक्स जाफराबाद-भोकरदनकडच्या शाळांतून फिरायच्या. तळाशी एकच ओळ असायची: कुणीही घ्या, कुणीही छापा, चूक दिसली तर कळवा.

मागच्या दिवाळीत त्यानं घरातल्या विजेचा धडा माझ्याकडं आणून दिला. "हे तुझं काम. नीट बघ, मंगच वाटतो." मी हो म्हणून तो टीव्हीवर ठेवून दिला. आठवडाभरानं फोन. "बघितलंस का?" मी एक अक्षरही वाचलं नव्हतं. पण म्हणालो, "बिलकुल बराबर हाय. वाट." इतकं सहज बोलून गेलो मी... आणि तो केवढा खूश झाला!

तेराव्याला शोभावहिनींनी, त्याच्या बायकोनं, पानांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. "भाऊजी, एकावर तुमचं नाव हाय. तुम्हीच ठेवा." विजेच्या धड्याखाली 'तपासणी' म्हणून माझं नाव होतं. तिथंच ओट्यावर बसून मी तो धडा पहिल्यांदा वाचला. मूळ धडा अमेरिकेतला. तिकडं काळ्या तारेतून वीज येते. भास्करनं जसंच्या तसं उतरवलं होतं: काळी तार जिवंत, बटण काळ्या तारेवर. आपल्याकडं वीज लाल तारेतून येते, काळी परतीची. या धड्याप्रमाणं एखाद्या पोरानं बटण बसवलं तर दिवा विझेल, पण होल्डरमध्ये वीज तशीच राहील. बल्ब बदलायला हात घातला की संपलं! माझ्या वर्गातल्या शेंबड्या पोरानंही ही चूक पकडली असती. आणि ती माझ्या नावानं गावोगाव फिरत होती.

दुसऱ्या दिवशी मोटरसायकल काढली. शाळेशाळेत जाऊन ते पान परत घ्यायचं, असं ठरवलं. पहिल्या शाळेत म्हणाले, "दुरुस्ती ना? भास्कर सर येऊन गेले की." दुसऱ्या शाळेत तेच. तिसऱ्या शाळेतही तेच. शेवटी केदारखेड्याला पोचलो. तिथले विज्ञानाचे मास्तर म्हणाले, "आमच्या एका पोरीचा बाप वायरमन हाय. त्यानं चूक दाखवली, मंग मी सरांना चिठ्ठी पाठवली. तवापासून सर गावं फिरून राह्यले होते. त्या दिवशी इथं आल्ते. एकेका लेकराची वही मागून घेतली, आपल्या हातानं दुरुस्त केली. ऊन तर असं... जरा बसा, पाणी प्या म्हणलं, तर बस सुटंल म्हणले."

भास्कर, मला फोन का केला नाहीस रे? माझ्याकडं मोटरसायकल होती. चार शिव्या घातल्या असत्यास तरी चाललं असतं.

मास्तरांनी शाळेची प्रत समोर ठेवली. जिथं जिथं काळी होती तिथं लाल केलेलं. तळाशी माझं नाव खोडलेलं, कुणाला वाचता येऊ नये इतकं गिरवलेलं. शेजारी लिहिलं होतं, 'चूक माझी', आणि खाली त्याचं नाव. एवढ्या वर्षांत एकाही पानावर त्यानं स्वतःचं नाव टाकलं नव्हतं.

मी मास्तरांकडून लाल पेन मागून घेतला. त्याचं नाव खोडलं आणि माझं पुन्हा लिहिलं.

"हे कशाला, साहेब?"

"मी न वाचता बराबर म्हणलो होतो," मी म्हणालो.

शोभावहिनींना हे सांगायला दोनदा टेंभुर्णीला गेलो. दोनदा चहा पिऊन परत आलो. त्या पेपरची ही पुरवणी वाचतात, म्हणून इथं लिहिलं.