वकिलाचा राहून गेलेला चहा

टेलिफोनबाई घरात लिहायला बसतानाही चपला घालतात. एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सवय जात नाही. कॉल येत नाहीत म्हणून ऑपरेटर बोर्ड सोडून उठत नसे. मग सुचत नाही म्हणून लेखिकेने का उठावं? या एका तर्कावर सायंदैनिकातली त्यांची रहस्यकथा रोज एक पान पुढे सरकत होती.

परवा मात्र घोडं अडलं. त्या दिवशीच्या पानात खुनी उघड व्हायचा होता आणि तो कोण, हे वाचकांइतकंच बाईंनाही ठाऊक नव्हतं. संपादकांनी निक्षून सांगितलं होतं: पान चुकलं तर कथा तिथेच बंद, त्या जागी शब्दकोडं. शिवाय पान आणायला त्यांनी मुद्रितशोधकालाच धाडलं होतं. तो समोर खुर्चीच्या काठावर बसून पाय हलवत होता.

"आई, करा ना कुणालाही खुनी," सून म्हणाली. "हॉटेलचा मॅनेजर चालेल का?"

"त्यालाच तर मारलाय मी. चहात विष घालून."

सुनेने मुद्रितशोधकापुढे चहाचा कप ठेवला आणि ती घाईघाईने आत गेली.

काही सुचेना, की समोर दिसेल ते लिहायचं, हा बाईंचा नेम. त्यांनी लिहिलं: 'एक माणूस खुर्चीच्या काठावर बसला आहे. त्याने चहाला हात लावलेला नाही.'

मुद्रितशोधकाला उलटा मजकूरही वाचता येतो.

"बाई, हे माझ्यावर आहे का? माझी सासुरवाडी हा अंक वाचते हो!"

"गप्प बसा. चहा का घेत नाही?"

"घाईत आहे म्हणून! छपाई खोळंबलीय!"

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी मागची पानं भराभरा उलटली. खुनाच्या संध्याकाळी हॉटेलातल्या सगळ्यांनी चहा घेतला होता. फक्त वकिलाने नाही. त्यात डावपेच काहीच नव्हता. त्याला चहा द्यायचं बाई चक्क विसरल्या होत्या.

पुढची पंधरा मिनिटं खोलीत फक्त निबेची करकर होती. शेवटची ओळ होताच मुद्रितशोधकाने पान ओढलं आणि धावत सुटला. वाचत वाचत जिन्याच्या वळणावर पोचला आणि तिथून ओरडला, "पण बाई, वकिलाने मारलं कशासाठी?"

"आज 'कोण' एवढंच ठरलं होतं," बाई म्हणाल्या. "पळा."