न भांडता वालूर ते मालवण

या सहलीत मी कुणाशीही भांडलो नाही. आमच्या बोरी गावात ज्यांनी मला पाहिलंय त्यांना हे वाक्य थाप वाटेल. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या सरांशी वाजलं म्हणून कॉलेज सोडून घरी आलेला, आणि आता स्टँडसमोर मोबाईल दुरुस्त करत बसणारा दत्ता तो मीच. पण खरंच भांडलो नाही. तिथं जे जे गिळलं ते सगळं आता इथं बाहेर काढतोय. आपल्या भागातून कोल्हापूर, मालवणला जायचा कुणाचा बेत असेल तर वाचा. राग माझा आहे, माहिती पक्की आहे.

निमित्त माझ्या वालूरच्या मामीचं. मामीनं आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी झाली, दिवाळी झाली, आणि तिनं जाहीर केलं की कोल्हापूरच्या अंबाबाईची ओटी भरायची आणि तसंच पुढं जाऊन समुद्राची पण भरायची. बुकिंग फोनवरून होतं म्हणून मामानं सगळं माझ्यावर टाकलं. मामा, मामी, त्यांची मुलगी मंजू, मी, आणि जिंतूरचे रशीदभाई त्यांच्या क्रूझर जीपसह. माझी आई गुडघ्यांमुळं आली नाही.

आता मंजूचं सांगायलाच पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडं मामाच्या मुलीशी लग्न होतं, ती रीतच आहे. मला ती सातवीपासून आवडते हे मामी सोडून कुणाला ठाऊक नसावं असा माझा समज. मामाचं माझ्याबद्दल एकच मत: पोरगं कामाचं हाय पण तापट हाय. त्यात तुळशीच्या लग्नानंतर पुण्याच्या कंपनीतल्या मुलाकडचे पाहुणे तिला बघायला येणार होते. निघायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. मामाला ती आबा म्हणते. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि बोलताना इंजेक्शन भरून तयार असल्यासारखं बोलते.

"आबा आता तुला बघणार हायेत. कुणाशी बी भांडलास तर विषय संपला. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला."

गळ्याची शपथ घालणाऱ्यानं स्वतः 'सुटली' म्हटल्याशिवाय सुटत नाही. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

पहाटे निघालो. पाथरी, माजलगाव, बार्शी, सांगोला, मिरज, कोल्हापूर. दिवस पूर्ण जातो हे धरूनच चला. गाडी भाड्यानं घेणार असाल तर किलोमीटरचा दर, टोल कुणाचा आणि ड्रायव्हरचा भत्ता किती, हे तिन्ही निघायच्या आधी बोलून घ्या. माजलगावच्या पुढं रस्ता बरा आहे, मध्येच अचानक बरा नाही. जेवण घरून न्या. मामीनं धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही आणलं होतं, बार्शीच्या पुढं लिंबाच्या झाडाखाली आम्ही ते संपवलं, आणि तसलं जेवण पुढच्या सगळ्या प्रवासात मिळालं नाही.

कोल्हापुरात देवीचं दर्शन शांतपणे झालं. सकाळी लवकर गेलात तर रांग कमी असते. अडचण देवळाबाहेर आहे. रिक्षावाला गोड बोलून म्हणतो, खरी चप्पल पाहिजे ना, चला, ओळखीचं दुकान आहे. जाऊ नका. त्याची ओळख तुमच्या खिशातून फिटते. आम्ही गेलो. दुकानदारानं मामापुढं एक जोड टाकला आणि असा भाव सांगितला की मामा खाली बसला होता तो तसाच उठला. मामानं विचारलं, एवढा कामून? तेवढंच. आमच्याकडं 'का'ला कामून म्हणतात. दुकानदार आपल्या माणसाकडं वळून 'कामून, कामून' करत हसला, आणि म्हणाला, मराठवाड्याचं गिऱ्हाईक, नुसतं बघून जाणार.

मी मुठी खिशात घातल्या. मंजू चपला बघत होती, बघत माझ्याकडंच होती. मामाही माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, चला, दुसरीकडं बघू. मला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

तर वाचकहो, त्या दुकानदाराला जे सांगायचं होतं ते तुम्हाला सांगतो. रिक्षा सोडा आणि पायी फिरा. जिथं चपला शिवणारी माणसं बाहेर बसून शिवताना दिसतात त्या गल्लीत जा. चप्पल हातात घेऊन वाकवा, वास घ्या, तळ कातडीचाच आहे का बघा. नवी चप्पल चावते, तेल लावून ठेवा. गूळ घेताना पिवळाधमक घेऊ नका, काळपट घ्या. बिल मागा. आणि तुमच्या बोलण्याला कुणी हसलं तर त्याच्याकडून काहीही घेऊ नका, फुकट दिलं तरी. मामानं शेवटी एका म्हाताऱ्या कारागिराकडून जोड घेतला, निम्म्या भावात. रात्री तांबडा-पांढरा रस्सा झाला. रस्सा चांगला होता हे रागातसुद्धा कबूल करतो. मामीनं मात्र भाकरीला नावं ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोंडा घाटानं खाली उतरलो. डिझेल घाटाच्या आधी भरा, आणि ज्याला गाडी लागते त्याला पुढं बसवा. मामी पुढं बसली, हातात लिंबू, नजर सरळ रस्त्यावर. घाट उतरला की हवाच बदलते, अंग चिकट होतं. मालवणच्या अलीकडं समुद्राला लागून एक रिसॉर्ट मी बुक केलं होतं. नाव लिहीत नाही, नावानं त्याची जाहिरात होईल.

फोटोत खोलीच्या खिडकीतून समुद्र होता. प्रत्यक्षात तो न्हाणीघराच्या झरोक्यातून दिसतो, तेही स्टुलावर चढलं तर. बुकिंग करण्याआधी व्हिडिओ कॉल लावायला सांगा आणि म्हणा, खोलीत उभं राहून दाखवा. जादा गादीचे पैसे वेगळे, गरम पाण्याची वेळ ठरलेली, बाहेरचं जेवण बंद. दिवाळीच्या सुट्ट्यांत दर दुप्पट असतात, आठ दिवस थांबून जा. पण या सगळ्यापेक्षा मला जे लागलं ते वेगळं. ड्रायव्हरसाठी खोली नाही, पडवीसुद्धा नाही. दोन दिवस गाडी चालवून आलेल्या माणसानं गाडीतच झोपायचं. मी काउंटरवर हात ठेवून उभा राहिलो आणि ओठ चावले. रशीदभाईच मला समजावायला लागले, "गाडीमेंच सोतूं मैं, टेन्शन नक्को लेव." तुम्ही टेन्शन घ्या. आधी ड्रायव्हरची सोय विचारा, मगच पैसे पाठवा. न विचारता पैसे पाठवले ते मीच.

संध्याकाळी समुद्रावर गेलो तर समुद्र लांब गेला होता. नुसती ओली वाळू. मामी बराच वेळ बघत राहिली, मग मला विचारलं, एवढाच असतो का. जाळं आवरत बसलेल्या एका कोळीणबाईनं सांगितलं की ही ओहोटी आहे, उद्या उन्हं चढली की भरती येईल, तेव्हा तुमच्या पायाशी येईल. भरतीची वेळ फोनवर दिसते, पण तिथल्या माणसांना विचारलेलं बरं. पाणी कुठं ओढतं ते त्यांना ठाऊक असतं.

सकाळी उन्हं चढल्यावर समुद्र खरंच पायाशी आला होता. मामीनं ताट भरलं: हळद, कुंकू, तांदूळ, नारळ आणि वालूरहून आणलेला हिरवा खण. रिसॉर्टच्या पायऱ्या उतरून आम्ही वाळूत आलो, तर समोर एका जोडप्याचं लग्नाआधीचं फोटोशूट चाललेलं, पांढरे पडदे वगैरे लावून. रिसॉर्टचा मॅनेजर आडवा आला. आमच्याच वयाचा पोरगा. म्हणाला, मावशी, हा आमचा प्रायव्हेट बीच आहे, पूजा-बिजा तिकडं लांब करा.

"गेस्टना घाण वाटते," तो म्हणाला.

 मामीनं ताटावर पदर टाकला आणि ती मागं वळली.

मामानं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला अजून दिसतं. बोरीत दुधात पाणी घालणाऱ्याशी भांडणारा, सीटसाठी कंडक्टरशी भांडणारा मी, माझी मामी पदराखाली ताट घेऊन परत चालली होती आणि मी वाळूकडं बघत उभा होतो. गळ्याची शपथ. मंजूच्या गळ्याची.

मग मंजूच पुढं झाली.

"घाण? तुमच्या पायऱ्यांखाली प्लॅस्टिकच्या ग्लासांचा ढीग पडलाय, तो गेस्टनी केलाय. माझ्या आईच्या ताटात कुंकू हाय. समुद्र विकत घेतला असंल तर कागद दाखवा, न्हाईतर सरका."

तो सरकला. मंजूनं आईचा हात धरला आणि पांढऱ्या पडद्यांच्या मधून सरळ पाण्यात नेलं. मामीनं गुडघाभर पाण्यात उभं राहून ओटी भरली, नारळ सोडला, खण पाण्याला टेकवून परत घेतला. येताना फोटोवाली नवरी वाटेत उभी होती. तिनं कपाळ पुढं केलं. मामीनं तिला कुंकू लावलं आणि तो ओला खण तिच्याच हातात दिला.

हे पाठ करून ठेवा: भरतीचं पाणी जिथवर येतं तिथवरचा किनारा सगळ्यांचा असतो. कुणी प्रायव्हेट म्हणालं तर मान्य करू नका. मी केलं.

परत निघालो ते मामा एक अक्षर बोलेना. घाट चढला, मिरज गेलं, सांगोल्याला लॉजवर मुक्काम झाला, तरी नाही. दुसऱ्या दिवशी बार्शी मागं पडल्यावर त्यानं पुढं बघतच सुरुवात केली.

"दत्ता, तू तापट हायेस म्हणून मला घोर होता. आता कळलं, तुझा ताप बोरीपुरता हाय. मामीला घाण म्हणला तो माणूस, अन् तू वाळू बघायलतास."

उत्तर माझ्याकडं होतं. पण ते दिलं असतं तर मंजूचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि तिच्या बापासमोर, पुण्याचे पाहुणे यायचे असताना, ते मी घेणार नव्हतो. मी खिडकीतून उसाच्या फडांकडं बघत राहिलो. वाटलं, संपलं. चांगलं वागलो म्हणून संपलं. याचा राग कुणावर काढायचा तेही कळेना.

"आबा," मागून मंजू म्हणाली, "त्याला मी शपथ घातली होती. गळ्याची. भांडायचं न्हाई म्हणून."

"कामून?" मामा म्हणाला.

मंजू मागच्या सीटवरून पुढं वाकली.

"तुमी त्याला न्हाई म्हणू नये म्हणून."

रशीदभाईंनी आरसा उगाच पुसला. मामा वळला नाही. झोपली आहे असं मी समजत होतो ती मामी डोळे न उघडता म्हणाली, आता चहाला थांबवा की गाडी.

टपरीवर मामानं माझ्या हातात कप दिला आणि चौकशी सुरू केली. चपलेच्या दुकानात तो हसला तेव्हा बी गिळलास? व्हय. रशीदभाईच्या झोपायचं? ते बी. अन् त्या मॅनेजरचं? व्हय मामा.

"मग आता बोल," मामा म्हणाला. "गाडीत कुणाशी भांडणार हायेस?"

मी मंजूकडं बघितलं. तिनं मानेनंच परवानगी दिली. तिथून माजलगावापर्यंत मी बोलत होतो. दुकानदाराला, काउंटरवाल्याला, मॅनेजरला जे जे म्हणायचं राहिलं होतं ते सगळं, आवाजासकट. मामा मध्ये मध्ये भर घालत होता. चप्पलवाल्यासाठी त्यानं जो शब्द काढला तो मला कोल्हापुरात सुचलासुद्धा नव्हता. इतकी वर्षं हा माणूस मला तापट म्हणत होता. रशीदभाई गाडी चालवता चालवता हसून डोळे पुसत होते.

वालूरला सामान उतरवताना मामा म्हणाला, पाहुण्यांना मी फोन करतो, तू रविवारी आईला घेऊन ये, बोलू. एवढंच म्हणाला आणि नवी चप्पल हातात घेऊन आत गेला.

खर्चाचं विचाराल तर ठरवलं होतं त्यापेक्षा बराच झाला, आणि जादा झाला तो जिथं मी आधी विचारलं नाही तिथंच. समुद्राचं विचाराल तर मामी अजून सांगते की तो आधी लांब गेला होता आणि सकाळी तिच्यासाठी परत आला. माझ्याजवळ राहिलं ते पदराखालचं ताट. ते आठवलं की अजून मूठ वळते, आणि वळू दे असं मला वाटतं.

गाडी निघायच्या आधी मंजू पिशवी घ्यायला आली तेव्हा मी हळूच म्हणालो, आता तरी सोड की शपथ. सुटली म्हण.

"रविवारपर्यंत ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आबाशी बोलायचंय तुला."

उद्या रविवार आहे. आईचं लुगडं इस्त्रीला दिलंय.