छाप कापून दाखवा

आमच्याकडं गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव-गाव येतं. त्याला छाप म्हणतात. मेंढराच्या पाठीवर गेरूची खूण असते ना, तशी. बायकांची गाण्याची पार्टी उभी केली तेव्हा मी माझी छाप ठरवली, ‘लासुर्ण्याची, मेंढक्याची लेक’. घरची मेंढरं विकून ऊस लावला त्याला बरीच वर्षं लोटली होती, पण लेक मी मेंढक्याचीच होते आणि ते लपवायचं मला काही कारण नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमची पहिली कॅसेट बारामतीत निघाली. कॅसेटच्या दुकानामागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून आम्ही गायलो. मेंढरं विकली त्या दिवशी आई रिकाम्या कुंपणात उभी राहून रडली होती, त्याचंच गाणं होतं. कॅसेट घरी आणून लावली, तर शेवटचं कडवंच नाही! दुकानदाराला विचारलं.

“टेप संपत आली व्हती, म्हणून कापलं. तसंबी त्यात निस्तं नाव तर हाय.”

निस्तं नाव! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच वर्षी पणदऱ्याच्या जत्रेत एक शाहीर तेच गाणं गाताना ऐकला. शेवटी छाप त्याची. मी तडक स्टेजमागं गेले.

“शाहीर, गाणं कुणाचं हो?”

“कॅसेटवर कुणाचंच नाव न्हाय. मोकळं दिसलं, घेतलं. आन् बाया कधी गाणी रचत्यात व्हय?”

भोवतीची माणसं खो खो हसली. येताना एसटीत आमचे मालक समजूत घालू लागले, “जाऊ दे की. गाणं गाजतंय न्हवं?”

“गाजतंय म्हणूनच जाऊ देणार न्हाय.”

माझ्या आईच्या रडण्याला परक्याचं नाव लागलं होतं. ते मला सहन होत नव्हतं.

पुढचं गाणं रचलं तेव्हा छाप शेवटून उचलली आणि झिलीत घातली. झील म्हणजे बाकीच्या बायका मागून धरतात ते पालुपद. आता दर कडव्यानंतर सगळ्याजणी खड्या आवाजात म्हणायच्या, “सांगती लासुर्ण्याची, मेंढक्याची लेक!”

पार्टीतली थोरली आक्का कुरकुरली, “छाप शेवटालाच असती. अशी रीत न्हाय.”

“आता हाय,” मी म्हणाले.

दुकानदारानं रेकॉर्डिंग ऐकलं आणि डोकं खाजवलं. “बाई, ह्यातलं कापायचं कुठनं?”

“कापून दाखवा.”

कॅसेट धडाधड खपली. पुढच्या जत्रेला मी पणदऱ्यात मुद्दाम पुढं जाऊन बसले. शाहिरानं तेच नवं गाणं काढलं. पहिल्या कडव्यानंतरच्या झिलीत माझ्या जागी स्वतःचं नाव बसवलं होतं. पण समोरच्या बायांना कॅसेट ऐकून गाणं पाठ झालेलं. दुसऱ्या कडव्यानंतर त्याच्या साथीदारांनी तोंड उघडायच्या आत बायांनीच झील धरली, “सांगती लासुर्ण्याची, मेंढक्याची लेक!” शाहिरानं आवाज चढवला. बायांनी त्याहून चढवला. शेवटी तो गप्प झाला. ढोलकीवाला मात्र वाजवतच होता.

मी जागेवर उभी राहिले, पदर खोचला आणि पुढचं कडवं म्हणायला लागले.