सामंतांच्या खिडकीतलं महाबळेश्वर

निवृत्त माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात: औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि किस्से. पट्ट्या निदान टाकून देता येतात. आमचे बहुतेक किस्से सामंतांच्या एका कुंडीतून उगवले. त्या कुंडीत दुसरं काही उगवत नव्हतं, म्हणूनही असेल.

आमची बैठक तारापूरला सामंतांच्या ओटीवर. घर समुद्राकडे तोंड करून. संध्याकाळी खारा वारा सुटतो, ताडाची झावळी सळसळते आणि बोलता बोलता आपण कुठे जाऊन पोहोचलो ते आपल्यालाच कळत नाही. मी पालघरच्या कचेरीतला निवृत्त कारकून, पाटीलसर भूगोलाचे निवृत्त मास्तर. ओटीवर उघडणाऱ्या खिडकीच्या आत मालतीवहिनींचा, म्हणजे सामंतांच्या बायकोचा पलंग. मोरीत पाय घसरल्यापासून वहिनी अंथरुणाला खिळल्या होत्या. ती खिडकी एवढंच त्यांचं जग.

एकदा त्या म्हणाल्या, "माहेरी, महाबळेश्वरला, आमच्या दारात निळ्या फुलांचे गेंद असायचे. डोळे मिटले की दिसतात."

"डोळे उघडल्यावर दिसायला हवेत," सामंत म्हणाले, आणि कामाला लागले.

*

बोईसरच्या वाटेवरच्या नर्सरीवाल्याने वर्णनावरून झाड ओळखलं. हायड्रेंजिया.

"थंड हवेचं आहे ते. इथे जगेल?" पाटीलसरांनी शंका काढली.

"लग जाएगा, अंकल."

"आपके यहाँ लगा है?"

"हमारे यहाँ तो बिकता है."

सामंतांनी घेतलं.

*

थोड्याच दिवसांत पानांच्या कडा करपल्या. या वाऱ्यात खिडकीचे गज गंजतात, तिथे पानांचं काय. पण सामंतांचं निदान वेगळं. झाडाला माती परकी वाटते! ते महाबळेश्वरला गेले आणि लाल मातीचं पोतं घेऊन एसटीत चढले.

"पोत्यात काय?" कंडक्टरने विचारलं.

"बायकोचं माहेर."

कंडक्टर विवाहित असावा. त्याने पोत्याला खिडकीची जागा दिली.

*

"माती आणलीत, हवा कुठून आणणार?" पाटीलसर म्हणाले. "आपल्याकडे थंडी म्हणजे पंखा एकवर."

मग सामंत रोज कुंडीत बर्फाचे खडे घालू लागले. उरलेला बर्फ आमच्या कोकम सरबतात पडायचा, त्यामुळे या प्रयोगाला आमचा पूर्ण पाठिंबा होता. एके दिवशी मात्र सरबत कोमट आलं.

"आजचा दिवस असंच प्या," सामंत कुंडीकडे बघत म्हणाले. "त्याला ताप आहे."

*

पुढे वहिनींच्या खोलीत एसी बसला आणि कुंडी आत गेली. आम्ही भेटायला गेलो, तर वहिनी नाकापर्यंत गोधडी ओढून पडलेल्या.

"बघा भाऊजी," त्या मला म्हणाल्या. "जन्म उकाड्यात काढला. सवत आल्यावर एसी आला."

पण एसीसाठी खिडकी बंद करावी लागली. दोन दिवस वहिनींनी गोधडीत काढले. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अहो, ती उघडा. समुद्र ऐकू येत नाही."

कुंडी पुन्हा ओटीवर, खिडकीखाली आली.

*

मासळी विकणारी हिराबाई ओटीवर टोपली टेकवायची. तिने कुंडीकडे बघून विचारलं, "काका, याला काय झालाय? मावरं धुतलेलं पानी घाला. आमी भोपल्याला घालतो. नाय फुललं तर मना सांगा."

सामंतांनी घातलं. दुसऱ्या दिवशी गावातली सगळी मांजरं कुंडीभोवती गोल करून बसली, कीर्तनाला बसल्यासारखी. मधोमध ती काटकी.

हिराबाई आली. टोपली टेकवून तिने मांजरांकडे बघितलं.

"भोपल्याला मांजरं नाय येत," ती म्हणाली आणि टोपली उचलून निघाली.

*

झाड मेलं. सामंतांनी वाळकी काटकी उपटली नाही, आम्हीही विषय काढला नाही. वहिनी फुलांचं बोलेनाशा झाल्या. भिंतीकडे कूस करून पडून राहू लागल्या. खिडकीकडे त्यांची पाठ असायची, आणि ती पाठ सामंतांना दिवसभर दिसायची. सरबत आता रोज थंड मिळे. पिववत नसे.

पावसात आमची बैठक बंद पडली. श्रावण संपता संपता एका सकाळी सामंतांचा फोन आला. एकच शब्द, "या."

वाळक्या काटकीला धरून एक वेल खिडकीच्या गजांवर चढली होती. गजागजावर निळी फुलं, वाऱ्याबरोबर हलणारी, जणू समुद्राचाच एक तुकडा खिडकीशी येऊन थांबला होता. वेल गोकर्णीची. तारापुरात कुठल्याही कुंपणावर सापडेल अशी. बी कुठून आलं, कोण जाणे.

सामंतांनी आम्हाला फाटकातच अडवलं.

"तिला सांगितलंय, हेच ते महाबळेश्वरचं. इथल्या हवेत जरा वेगळं फुलतं म्हणून," ते दबक्या आवाजात म्हणाले. "सर, कृपा करून भूगोल शिकवू नका."

आत वहिनी उशीला टेकून, खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. चेहऱ्यावर उजेड होता.

"अगदी तेच आहे हो," त्या सामंतांना म्हणाल्या. सामंत तरंगत चहा टाकायला गेले.

वहिनींनी मला जवळ बोलावलं.

"भाऊजी, ही गोकर्ण आहे हे ह्यांच्या लक्षात आलेलं नाही. कुणी सांगू नका हं."